घाटमाथ्यावरून : खुराक कोणी घालायचा?

बेळगाव जिल्ह्याच्या एका टोकाला कणकुंबी आहे आणि जवळजवळ दुसऱ्या टोकाला एकसंबा. कणकुंबी खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्यावर. येथेच मलप्रभा उगम पावते. एकसंबा चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या खोऱ्यात. कोल्हापूर तेथून इतके जवळ की तालुक्याचे गाव चिकोडी असले तरी बाजारहाट, दवाखाना आणि तालीम यांसाठी पाऊल आपसूक कोल्हापूरकडे वळावे. दोन्ही गावांत मराठी बोलली जाते आणि दोन्हीकडची पोरे अंगापिंडाने कणखर. तरीही कुस्तीचा विषय निघाला की या जिल्ह्यात नाव एकसंब्याचे निघते, कणकुंबीचे नाही. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो आणि विचार करता करता थेट अमेरिकेतल्या हायस्कुलांच्या मैदानापर्यंत जाऊन पोहोचलो. वाचकांनी थोडा धीर धरावा. वाट लांबची असली तरी आडवाट नाही.

एकसंब्याचे नाव निघते ते श्रीपती खंचनाळे यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९३४ च्या डिसेंबरातला. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा आणली, तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. मराठी मुलुखात आलेली ही पहिली हिंदकेसरीची गदा. आज सर्वत्र त्यांना ‘महाराष्ट्राचे पहिले हिंदकेसरी’ म्हणतात आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वेळी महाराष्ट्र राज्य जन्माला यावयाचे होते. ते १ मे १९६० रोजी झाले. एकसंबा तर त्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले होते. म्हणजे गाव एका राज्यात, तालीम दुसऱ्या राज्यात, आणि ज्या राज्याचा म्हणून मल्ल ओळखला जावयाचा ते राज्य अजून नकाशावरच नाही! आपल्यासारख्या सीमाभागातल्या आणि सीमेपलीकडे विखुरलेल्या कुटुंबांना यात काही नवल वाटणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांची शाळा एकीकडे, सोयरीक दुसरीकडे आणि शिधापत्रिका तिसरीकडे असतेच.

खंचनाळे घडले ते कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत. पण मल्लाचा प्रवास तालमीत सुरू होत नाही. तो गावच्या जत्रेत सुरू होतो. आपल्याकडे कुस्त्यांच्या फडाचा क्रम ठरलेला असतो. दुपारी हलगी कडाडू लागली की आधी लंगोट लावलेली चिमुरडी पोरे मातीत उतरतात. या कुस्त्या रेवड्यांच्या, खोबऱ्याच्या. जिंकणाऱ्याच्या हातावर मूठभर रेवड्या पडतात आणि हरणाराही रडू नये म्हणून त्यालाही दोनचार मिळतात. मग ऊन कलेल तसे इनाम वाढत जाते आणि दिवस मावळतीला आला की मोठ्या जोडाची कुस्ती लागते. हौशी प्रेक्षक या शेवटच्या कुस्तीसाठी येतो. जाणता वस्ताद मात्र दुपारीच येऊन बसलेला असतो. त्याचे लक्ष रेवडीच्या कुस्तीवर असते. पोरगे पडले की लगेच उठते की माती झाडीत बसते, समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहते की पायांकडे, मानेचा बांधा कसा आहे, मनगट केवढे आहे, हे तो पाहतो. एखादे पोर मनात भरले की तो पोराशी बोलत नाही; बापाला गाठतो. आणि बापाला तो पहिला प्रश्न विचारतो तो पोराच्या ताकदीविषयी नसतो. ‘घरी दुभते किती आहे?’ असा तो प्रश्न असतो.

या एका प्रश्नात कुस्तीचे सगळे अर्थशास्त्र आले. पैलवानाचा खुराक म्हणजे दोन माणसांचे जेवण नव्हे, ते एक वेगळे खातेच असते. रोजचे काही लिटर दूध, तूप, बदाम घालून वाटलेली थंडाई, अंडी, मटण, फळे. बदाम काही कृष्णाकाठी पिकत नाहीत. ते रोख पैशानेच आणावे लागतात. घरात एक पैलवान पोसायचा तर म्हशीचे दूध डेअरीला जाण्याऐवजी तालमीत जाते. धाकट्या भावंडांच्या वाट्याचा पेला अर्धा होतो, बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे जाते. फडात फेटा उडतो तो एकाचा. त्या फेट्याचे सूत कातायला सारे घर बसलेले असते. पैलवानांच्या पराक्रमाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या. घरातल्या ज्या बायकांनी पहाटे उठून ते तूप कढवले त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही, हे येथे नमूद करावयास हवे.

आता कणकुंबी आणि एकसंबा यांतला फरक ध्यानात येईल. एकसंब्याच्या बाजूला काळी जमीन, नदीचे पाणी, ऊस आणि दारात म्हैस. उसाचा वाडा म्हशीला, म्हशीचे दूध पोराला. कणकुंबीत मात्र जूनपासून पुढचे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस. जमीन उताराची, पीक भाताचे आणि नाचणीचे, भोवती जंगल. घाटमाथ्यावरची गाय लहान चणीची, काटक; तिचे दूध चहापुरते. पोरे डोंगर चढून, ओझी वाहून अशी चिवट होतात की कोणत्याही वस्तादाने पाठीवरून हात फिरवावा. पण पावसाळ्यात आखाड्याची माती वाळत नाही, आणि बापाला तो प्रश्न विचारला तर बाप खाली पाहतो. ताकद दोन्ही गावांत सारखीच उपजते. ती वाढवण्याचा खर्च मात्र एकालाच झेपतो.

अर्थात नुसत्या म्हशीनेही हिंदकेसरी होत नाही. एकसंब्यापासून हाकेच्या अंतरावर कोल्हापूर होते, हे दुसरे कारण. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला तो नुसता शौकाचा नव्हता, त्यात व्यवस्था होती. त्यांनी पंजाबकडचे नामवंत मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले, इथल्या पोरांना त्यांच्याशी लढवले, पेठापेठांतल्या तालमींना हात दिला. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिल्यावर तशा धर्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे असे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. त्यातून खासबागेचे मैदान उभे राहिले आणि १९१२ साली ते खुले झाले. मध्यभागी मातीचा हौद आणि सभोवार चढत गेलेल्या बैठकी. हजारो माणसांतल्या शेवटच्या माणसालाही मल्लाची पकड दिसावी अशी रचना. महाराज १९२२ साली गेले, संस्थान १९४९ साली विलीन झाले, पण तालमी राहिल्या. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या तोंडी आजही शाळा-कॉलेजांच्या नावांसारखी असतात. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची चाल आहे. धारोष्ण दुधाचा ग्लास तेथेच उभ्याने रिकामा करावयाचा. कोणत्या गावाला कशाचा नाद आहे हे अशा गोष्टींवरून कळते.

तालमीतले जीवन म्हणजे एक प्रकारचे गुरुकुलच. पहाटे चारच्या सुमारास उठायचे, जोर-बैठका शेकड्यांनी मारायच्या, फावड्याने हौद उकरायचा. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेले असते; जखम चिघळू नये आणि माती मऊ राहावी हा हेतू. मग लढत. मग मालीश. मग स्वतःच्या हाताने स्वयंपाक. गावाकडून एस.टी.ने येणारा डबा आणि दुधाची किटली वेळेवर आली तर दिवस सोन्याचा. वस्ताद पैसे घेत नाही, पण पोराची झोप, जेवण, संगत सगळे त्याच्या नजरेखाली. वर्षानुवर्षे मातीवर घासून पैलवानाचे कान फुटतात, चिरमुटल्यासारखे होतात. नवी पोरे ते कान कौतुकाने पाहतात आणि आपले कधी असे होतील याची वाट पाहतात.

आता अमेरिकेकडे वळू. आपल्या मासिकाच्या वाचकांत अशी घरे आता पुष्कळ आहेत की ज्यांची नातवंडे तिकडच्या शाळांत शिकतात. एखादा नातू दूरध्वनीवर ऐटीने सांगतो, ‘आजी, मी शाळेच्या फुटबॉल संघात लाईनबॅकर आहे.’ आजीला फुटबॉल ठाऊक असतो तो पायाने खेळावयाचा. तिकडच्या फुटबॉलात पायाचे काम थोडे आणि अंगाचे फार. चेंडू लंबगोल. प्रत्येक बाजूला अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान. ज्यांच्या हाती चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. तसे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले की चेंडू दुसऱ्यांकडे जातो. अडवणाऱ्या बाजूची पहिली फळी म्हणजे अगडबंब गड्यांची भिंत. ती भिंत फोडून जो आत येईल त्याला गाठून जमिनीवर पाडण्यासाठी फळीच्या पाठीमागे जे दोघे-चौघे उभे असतात ते लाईनबॅकर. नुसते धिप्पाड असून भागत नाही. समोरचा चेंडू घेऊन पळणार की लांब फेकणार, हे क्षणार्धात ओळखावे लागते. मधला लाईनबॅकर तर आपल्या बाजूच्या साऱ्यांना इशारे देत असतो, म्हणून त्याला बचावाचा सेनापती म्हणतात. आणि त्याचे मुख्य हत्यार कोणते म्हणाल, तर खाली वाकून, खांदा घालून, समोरच्याचे पाय कवळ्यात घेऊन त्याला उलथवणे. आपल्या आखाड्यात याला ‘पट काढणे’ म्हणतात!

हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. अमेरिकी शाळांत शरद ऋतूत फुटबॉल आणि हिवाळ्यात कुस्ती असा क्रम असतो व पुष्कळ मुले दोन्हीही खेळतात. या खेळातल्या सर्वश्रेष्ठ लाईनबॅकरांत ज्याची गणना होते तो रे लुईस हा फ्लॉरिडा राज्यातल्या लेकलँड गावच्या हायस्कुलात असताना कुस्तीत राज्याचा विजेता होता. त्याचा बाप त्याच्या लहानपणीच घर सोडून गेलेला. तोही त्याच शाळेचा नावाजलेला कुस्तीगीर होता आणि त्याचे विक्रम शाळेत लागलेले होते. ते मोडायचेच, या ईर्षेने पोरगा कुस्ती खेळला आणि ते त्याने मोडले. त्याच्या व्यायामाची रीत ऐकून आपल्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या वस्तादालाही बरे वाटेल. घरात वजने नव्हती, यंत्रे नव्हती. होता तो पत्त्यांचा जोड. पान ओढायचे आणि त्यावर जितके ठिपके असतील तितके जोर काढायचे. सगळा जोड संपला की पिसून पुन्हा सुरुवात. पुढे मायामी विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली. १९९६ साली बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघाने पहिल्याच फेरीत त्याची निवड केली आणि तो सतरा मोसम त्याच एका संघाकडून खेळला. जानेवारी २००१ मध्ये झालेल्या अंतिम सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. हा मान बहुधा चढाई करणाऱ्यांच्या वाट्याला जातो, अडवणाऱ्याला मिळणे विरळाच.

येथे थोडे थांबून पाहावे. रे लुईसच्या घरी आपल्या भाषेतले ‘दुभते’ नव्हते. आई अगदी कोवळ्या वयाची, एकटी, पोटापाण्यासाठी राबणारी, त्यात भावंडे. कणकुंबीच्या बापासारखीच तीही वस्तादाच्या प्रश्नाला खाली पाहिली असती. पण तिला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. मैदान शाळेचे होते, शिक्षक शाळेच्या पगारावर होता, शिरस्त्राण आणि खांद्याचे चिलखत शाळेने दिले. पुढे राहणे-जेवणे विद्यापीठाच्या माथी. पोराने फक्त अंग घेऊन यायचे. आपल्याकडे जो भार म्हशीने आणि बहिणीने उचलला तो तेथे शाळेने उचलला, हा खरा फरक.

आपल्याकडेही शाळेच्या वाटेने कोणी गेलेच नाही असे मात्र नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कराडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकला त्यांना पाठवण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. जन्मभर मातीवर लढलेला हा गडी तेथे पहिल्यांदाच गादीवर उतरला. लंडनमध्ये त्यांना शिकवायला जो मनुष्य लाभला तो, योगायोग पाहा, एक अमेरिकन होता : रीस गार्डनर. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर संस्थान उरले नव्हते. तेव्हा गावोगाव वर्गणी जमवली गेली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सर्वांना आठवते. एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. माझ्या मते ती कौतुकाबरोबरच शरमेनेही सांगावयास हवी. खाशाबा पुढे पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर सुमारे सोळा वर्षांनी.

यावरून कोणी असे समजू नये की अमेरिकेत सारे गोडगोड आहे. तेथील हायस्कुलांत सुमारे दहा लाख मुले हा खेळ खेळतात. व्यावसायिक संघ बत्तीस, प्रत्येकी त्रेपन्न खेळाडू. म्हणजे अवघ्या देशात जागा १,६९६. विद्यापीठांच्या संघांतून खेळणाऱ्या शंभरांतले दोनही वरपर्यंत पोहोचत नाहीत, आणि हायस्कुलातून विद्यापीठाच्या संघात जाणारेच मुळात थोडे. दरवर्षी वसंत ऋतूत सात फेऱ्यांत या मुलांची निवड होते. हरलेल्या संघाला आधी निवडू द्यायचे असा नियम आहे. हायस्कूल सोडून तीन वर्षे झाल्याखेरीज कोणाला निवडता येत नाही, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. जे पोहोचतात त्यांच्यापैकी बहुतेकांची कारकीर्द तीन-चार वर्षांत आटोपते. लुईसची सतरा वर्षे ही अपूर्वाई समजावी.

आणि वर पोहोचलेल्यांचीही कथा सरळ नसते. ज्युनियर सियाऊ हा असाच एक थोर लाईनबॅकर. त्याचे कुटुंब प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांवरून कॅलिफोर्नियात आलेले. घर एवढे लहान की तो आणि त्याचे भाऊ मोटार ठेवण्याच्या खोलीत झोपत. ओशनसाईडच्या हायस्कुलातून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात, आणि तेथून १९९० साली सॅन डिएगोच्या संघात पाचव्या क्रमांकाची निवड म्हणून तो गेला. एकूण वीस मोसम खेळला. आपल्या गावाजवळच्याच संघात खेळायला मिळालेल्या या पोराला तेथील लोकांनी डोक्यावर घेतले. निवृत्तीनंतर तीनच वर्षांच्या आत, २ मे २०१२ रोजी, त्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले. वय ४३. पुढच्या जानेवारीत तज्ज्ञांनी जाहीर केले की डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा क्षयकारी विकार त्याला जडलेला होता. या विकाराचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केल्यावरच होते. जिवंतपणी माणूस चिडचिडा होतो, विसरतो, खिन्न होतो, आणि घरच्यांना वाटते की स्वभावच बदलला. फुटलेला कान दिसतो. डोक्याच्या आत काय फुटले ते दिसत नाही. कुस्तीत माणूस पाठीवर पडला की खेळ संपतो. या खेळात माणूस पडतो, उठतो, पुन्हा पडतो, आणि असे एका सामन्यात कितीदा तरी होते.

तेव्हा शाळेने भार उचलला म्हणून शाळा फुकट काही करते असे नाही. शुक्रवारच्या रात्री दिव्यांच्या झगमगाटात सारे गाव शाळेच्या मैदानावर लोटते, तिकिटे खपतात, विद्यापीठांची तर कोट्यवधी डॉलरांची उलाढाल या पोरांच्या खांद्यांवर चालते. खुराक जो घालतो तो हिशेबही ठेवतो. शाहू महाराजांना कुस्तीत राज्याची शान दिसत होती, साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले तेव्हा त्यांना कारखान्याचे नाव दिसत होते, आणि बापाला मुलाच्या गदेत घराचे नाव दिसत असते. एवढे मान्य करूनही मी शाळेच्या बाजूने कौल देईन. कारण शाळेत पोरगा हरला तरी दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला बसतो. तालमीत सोळाव्या वर्षी गुडघा निखळलेला पोरगा गावी परततो तेव्हा त्याच्याजवळ वाढलेली भूक असते आणि हातात कोणताही दाखला नसतो. अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. लग्नकार्यात ती पंगतीत बसली की लोक त्यांच्या जेवणाची थट्टा करतात.

आपल्या भागात अशा शाळेच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था बेळगावातच आहे. मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे. चौदा वर्षांच्या आतली मुले निवडून त्यांना तेथे ठेवून घेतात, कुस्ती शिकवतात, त्याबरोबर शाळाही चालू असते, आणि वयात आल्यावर पात्र मुलांना सैन्यात भरती होता येते. खुराक सरकारचा. निवडीच्या वेळी मुलाची उंची, वजन, चपळाई पाहतात. घरी म्हशी किती, हे कोणी विचारीत नाही. कणकुंबीहून बेळगाव सुमारे पन्नास किलोमीटर, दिवसाकाठी जाऊन येण्यासारखे. एकसंब्याच्या पोराला कोल्हापूर जसे होते तसे खानापूरच्या जंगलपट्टीतल्या पोराला हे केंद्र होऊ शकते. मात्र त्यासाठी निवड कधी आहे हे त्या वाड्यावस्त्यांवर वेळेवर कळले पाहिजे. पावसाळ्यात जेथे वीज चार-चार दिवस येत नाही तेथे ही बातमी प्राथमिक शाळेच्या गुरुजींकडूनच पोहोचणार. ज्या वाचकांचे आप्त या भागात शिक्षक आहेत त्यांनी एवढे काम करावे.

आणि ज्यांचा नातू खरोखरच लाईनबॅकर झाला आहे त्या आजी-आजोबांसाठी थोडे. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्याला शाळेच्या सामन्यात मार लागला. थोड्या वेळाने त्याला पुन्हा मैदानात उतरवले गेले आणि त्यातून त्याला कायमचे अपंगत्व आले. त्याच्या नावाने, लिस्टेड कायदा म्हणून, २००९ साली त्या राज्याने कायदा केला, आणि २०१४ पर्यंत तशा धर्तीचे कायदे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत झाले. त्याप्रमाणे डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे लागते आणि वैद्याच्या लेखी परवानगीखेरीज परत घेता येत नाही. पण मार लागला हे आधी कोणी तरी ओळखले पाहिजे, आणि चौदा वर्षांचा पोरगा, विशेषतः जो संघातली जागा जाईल म्हणून धास्तावलेला आहे, तो स्वतःहून सांगत नाही. तेव्हा दूरध्वनीवर ‘जिंकलास का?’ एवढेच विचारू नये. डोके दुखते का, उजेड टोचतो का, मळमळते का, नेहमीपेक्षा जास्त झोप येते का, हेही विचारावे. आईबापांना तो जे सांगणार नाही ते आजीला सांगण्याचा संभव अधिक.

श्रीपती खंचनाळे १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात वारले. वय ८६ वर्षे. साथीमुळे त्या साली यात्रा-जत्रा बंद होत्या, त्यामुळे फडही नव्हते. पुढे ते पुन्हा सुरू झाले तेव्हा सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पूर्वीच्याच क्रमाने आधी हलगी वाजली आणि मग लहान पोरे उतरली. रेवड्या आता कागदी पुड्यातून येतात. वस्ताद अजून दुपारीच येऊन बसतो.